अठरा बेटं आणि एक ड्रॅगन

1817 साली हान्स क्रिस्तियान ल्युंग्ब्यू हा डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ फेरो बेटांवर उतरला तो समुद्रातलं शेवाळ जमवायला. शेवाळ त्याने जमवलं, दोन वर्षांनी त्यावरचा ग्रंथही काढला. पण बेटांवर त्याचं नाव राहिलं ते दुसऱ्याच कारणाने. हिवाळ्याच्या लांबलचक रात्रींत इथली माणसं एकमेकांचे हात धरून गोल फिरत काहीतरी गातात, आणि ते गाणं संपता संपत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. गाण्यात बाप गमावलेला एक मुलगा होता, बापाची मोडकी तलवार होती, ती सांधून देणारा कपटी लोहार होता आणि सोन्याच्या राशीवर पसरलेला ड्रॅगन होता. ल्युंग्ब्यूला भाषा धड येत नव्हती. तरी स्थानिकांच्या मदतीने त्याने गाणी उतरवून घेतली आणि 1822 मध्ये डॅनिश भाषांतरासह छापली. फेरोईज भाषेतलं हे पहिलं छापील पुस्तक. मॅथ्यूचं शुभवर्तमान त्या भाषेत आलं त्याच्या पुढच्या वर्षी.

म्हणजे ड्रॅगन आधी, देव नंतर. आणि गंमत अशी की शुभवर्तमानावर लोक नाराज झाले. देवाचं बोलणं डॅनिशमध्येच शोभतं, चुलीपाशी बोलायच्या भाषेत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. ड्रॅगनबद्दल अशी तक्रार कुणी केली नाही. तो चुलीपाशीच वाढलेला होता.

ज्या भाषेच्या छापील पुस्तकांचा श्रीगणेशाच ड्रॅगनने झाला, त्या भाषेतल्या फँटसीवेड्या वाचकाचं कसं चालत असेल? जगाच्या पाठीवर फँटसीचे चाहते कोट्यवधी आहेत. न्यूयॉर्कच्या किंवा पुण्याच्या चाहत्याला काही करावं लागत नाही. पुस्तक येतं, सिनेमा येतो, तो पैसे मोजतो. फेरो बेटांवरच्या चाहत्याला नुसतं चाहता होऊन भागत नाही. त्याला भाषांतरकार व्हावं लागतं, प्रकाशक व्हावं लागतं, गायक व्हावं लागतं. नाहीतर त्याच्या भाषेत ती गोष्ट येतच नाही.

आधी जागा समजून घेऊ. नॉर्वे, आइसलंड आणि स्कॉटलंड यांच्या मधोमध, अटलांटिकच्या थंड पाण्यात अठरा बेटं. सगळं क्षेत्रफळ मिळून जेमतेम 1,400 चौरस किलोमीटर. वस्ती 54 हजारांच्या आसपास, त्यातली मोठी संख्या टोर्सहाव्न या राजधानीत आणि तिच्या भोवताली. कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरच्या आत. झाडं जवळजवळ नाहीत, मेंढ्या मात्र माणसांपेक्षा जास्त. डिसेंबरात दिवस पाचएक तासांचा. राज्य डेन्मार्कच्या राजाचं, पण 1948 पासून घरचा कारभार घरी. आता बरीचशी बेटं बोगद्यांनी जोडली गेली आहेत, समुद्राच्या तळाखालीसुद्धा. 2020 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या एका बोगद्यात तर समुद्राखाली वाहतूक वर्तुळ आहे. तरीही दक्षिणेच्या सुदुरोय बेटावर जायचं तर दोन तास बोटीत बसावं लागतं आणि वादळ असलं की बोट सुटत नाही. अशा दिवशी वाचायला काहीतरी लागतं.

वाचायचं कोणत्या भाषेत, इथे खरी मेख आहे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि चर्च, न्यायालय, पुढे शाळा, सगळीकडे डॅनिश येऊन बसली. फेरोईज उरली ती घरात, होडीत आणि गाण्यात. तिला लिहायची ठरीव पद्धत मिळाली ती 1846 मध्ये, हामर्सहाइम्ब नावाच्या पाद्र्याने ती बसवली तेव्हा. शाळेत शिकवण्यासाठी ती डॅनिशच्या बरोबरीने चालेल हे मान्य व्हायला 1938 उजाडलं. ल्युंग्ब्यूचं पुस्तक येईपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं या भाषेत पुस्तक नव्हतं, पोथी नव्हती. जे काही सांगायचं ते तोंडाने सांगायचं आणि पायांनी लक्षात ठेवायचं.

पायांनी, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. या गाण्यांना क्वेआई म्हणतात. वाद्य एकही नाही. माणसं हातात हात गुंफून रिंगण करतात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. एक जण कडवं उचलतो. त्याला शीपारी, म्हणजे होडीचा तांडेल, म्हणतात. ध्रुपद सगळ्यांनी म्हणायचं. मराठी वाचकाला डोळ्यांपुढे आणायचं तर भोंडला आणावा, फक्त मधे हत्ती नाही, पुरुषही सामील आहेत आणि गाणं कडव्यांमागून कडवी चाललेलं आहे. रिंगण मोठं झालं आणि खोली लहान पडली की ते स्वतःतच दुमडतं, त्यामुळे नाचता नाचता प्रत्येकाचं तोंड केव्हातरी प्रत्येकाच्या समोरून जातं. कथेत युद्ध आलं की पाय आपटतात, लाकडी जमीन दणाणते. या गाण्यांचा जो संग्रह एकोणिसाव्या शतकात स्वेन ग्रुंटविग आणि योर्गेन ब्लोक यांनी सिद्ध केला, त्यात सुमारे 70,000 कडवी आहेत. काही हजार माणसांच्या वस्तीने एवढं पाठ ठेवलं होतं.

त्यातली सर्वांत मोठी कथा श्यूरुरची. आइसलंडमध्ये त्याला सिगुर्द म्हणतात, जर्मनीत झीगफ्रीड. तीन मोठे भाग: लोहार रेगिन, ब्रुन्हिल्द आणि होग्नी. श्यूरुर मोडक्या तलवारीचे तुकडे घेऊन रेगिनकडे जातो, तलवार सांधून घेतो, ड्रॅगन मारतो, त्याचं काळीज भाजताना बोट पोळतं म्हणून ते तोंडात घालतो आणि त्याला पाखरांची भाषा कळू लागते. ही कथा आइसलंडमध्ये चामड्याच्या पानांवर टिकली. फेरोत ती माणसांच्या श्वासावर टिकली. माझ्या मते दुसरं काम अवघड होतं. हस्तलिखित शंभर वर्षं पेटीत पडून राहिलं तरी चालतं. गाणं एका पिढीने टाकलं की संपलं.

आता टॉल्कीनकडे येऊ, कारण फँटसीचा चाहता म्हटलं की तिथे यावंच लागतं. लहानपणी त्याला ज्या गोष्टीने झपाटलं ती हीच, अँड्र्यू लँगच्या 1890 च्या परीकथासंग्रहात शेवटी दिलेली सिगुर्दची गोष्ट. पुढे तो जुन्या नॉर्स भाषेचा अभ्यासक झाला. ऑक्सफर्डमध्ये त्याने आइसलंडिक सागा मुळातून वाचण्यासाठी सहकाऱ्यांचं एक मंडळ चालवलं. त्याच्या बुटक्यांची नावं, एवढंच काय गँडाल्फचं नावसुद्धा, जुन्या एड्डातल्या ‘व्होलुस्पा’ या काव्यातून उचललेलं. मोडून पुन्हा घडवलेली तलवार, सोन्यावर निजलेला आणि बोलणारा ड्रॅगन, पहाटेच्या उन्हाने दगड होणारे राक्षस, हा सगळा ऐवज उत्तरेकडचा. सिगुर्दची कथा त्याने स्वतः पद्यात लिहून ठेवली होती, ती त्याच्या मुलाने 2009 मध्ये प्रसिद्ध केली.

त्यामुळे टॉल्कीनचं ‘द हॉबिट’ फेरोईजमध्ये आलं तेव्हा काहीतरी विलक्षण घडलं. 1990 साली अक्सेल टोरगार यांनी केलेलं भाषांतर ‘होब्बिन’ या नावाने निघालं. त्यानंतर याच भाषांतरकाराने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हातात घेतलं आणि 2003 पासून पुढच्या काही वर्षांत त्याचे खंड ‘रिंगान्ना हार्री’ म्हणून आले. इतर भाषांत भाषांतरकाराला ड्रॅगनसाठी, बुटक्यांसाठी, सांधलेल्या तलवारीसाठी एक सूर शोधावा लागतो. इथे तो सूर तयार होता, लोकांच्या कानात होता. परदेशी पाहुणा म्हणून आलेलं पुस्तक आपल्याच आजोळी आलं होतं.

इथे एक हिशेब मांडायचा मोह आवरत नाही. मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटींच्या वर. आपल्याकडे मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ करून हे प्रचंड काम मराठीत आणलं, पण ते आलं फेरोईजच्या बऱ्याच वर्षांनंतर. 54 हजारांच्या भाषेने आपल्याला मागे टाकलं होतं. हे ऐकून खजील व्हावं की कौतुक करावं, ज्याचं त्याने ठरवावं. मी दोन्ही केलं.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. या भाषांतरांची गरज काय होती? फेरोतली मुलं शाळेत लहानपणीच डॅनिश शिकतात, मागोमाग इंग्रजी. टॉल्कीन डॅनिशमध्ये केव्हाच उपलब्ध होता. 2003 मध्ये फेरोईज खंड येऊ लागले तोवर पीटर जॅक्सनचे चित्रपट जगभर गाजत होते. ज्याला फँटसीचं वेड होतं त्याने पुस्तक कधीच वाचून संपवलं असणार. म्हणजे कथा कळावी म्हणून हे भाषांतर झालेलं नाही. हॅरी पॉटरचंही तेच. पहिला भाग 2000 साली फेरोईजमध्ये आला आणि यथावकाश सातही भाग आले. त्यातले शेवटचे भाग येईपर्यंत उतावीळ वाचक इंग्रजीत वाचून मोकळे झाले असतील, यात शंका नाही. धंद्याच्या दृष्टीने असं पुस्तक काढणं हा शुद्ध वेडेपणा.

वेडेपणा कोण करतं ते पाहण्यासारखं आहे. बालसाहित्याचा मोठा भार तिथल्या शिक्षक संघटनेच्या पुस्तक विभागावर आहे. 1956 पासून तो चालू आहे. मुलांना शिकवणाऱ्यांनीच ठरवलं की मुलांना वाचायला घरच्या भाषेत काहीतरी हवं, आणि कुणी देत नाही तर आपणच काढू. हॅरी पॉटरचा पहिला भाग ज्यांनी फेरोईजमध्ये आणला ते गुन्नार होयडाल हे मोठे कादंबरीकार, आणि पेशाने वास्तुविशारद. टोर्सहाव्नच्या नगररचनेचं काम त्यांनी केलं. त्यांचं बालपण काही काळ दक्षिण अमेरिकेत गेलं होतं. त्याही आधी, शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’, जादूगाराच्या बेटाचं ते नाटक, फेरोईजमध्ये आणलं हेदिन ब्रू यांनी. ते फेरोतले अव्वल कादंबरीकार, पण पोटापाण्यासाठी शेतकऱ्यांना सल्ला देणारे सरकारी अधिकारी. लहान समाजात एकाच डोक्यावर दोन-तीन पगड्या असतातच. मेंढ्यांच्या चाऱ्याबद्दल दिवसभर बोललेला माणूस रात्री प्रॉस्पेरोच्या जादूची जुळवाजुळव करत बसला असेल, हे चित्र मला फार आवडतं.

पगड्यांचा विषय निघाला म्हणून विल्यम हाइनेसेन आठवले. टोर्सहाव्नमध्ये राहून डॅनिशमध्ये लिहिणारे हे फेरोचे जगभर वाचले गेलेले लेखक. 1981 मध्ये नोबेलसाठी त्यांच्या नावाची चर्चा होती, तेव्हा त्यांनी स्वीडिश अकादमीला पत्र लिहून आपलं नाव मागे घेतलं. फेरोईजला कित्येक पिढ्या तुच्छ लेखलं गेलं, तरी त्या भाषेने साहित्य उभं केलं. फेरोसाठी पुरस्कार द्यायचा तर तो त्या भाषेत लिहिणाऱ्याला मिळायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. नोबेलवर पाणी सोडायला लावणारी ही निष्ठा ध्यानात घेतली, की आधीच डॅनिशमध्ये वाचून झालेलं पुस्तक पुन्हा आपल्या भाषेत आणणारा भाषांतरकार तितकासा वेडा वाटत नाही.

गोष्टी फक्त पुस्तकांत राहतात असंही नाही. एस्तुरोय बेटाच्या उत्तर टोकाला, आयी गावाजवळ, समुद्रात दोन सुळके उभे आहेत. सत्तरएक मीटर उंच. एक राक्षस, दुसरी त्याची बायको. आइसलंडच्या राक्षसांनी फेरो बेटं ओढून आपल्याकडे आणायला या दोघांना पाठवलं. दोरखंड बांधण्यात रात्र सरली, सूर्य उगवला आणि दोघं जागच्या जागी दगड झाले. ‘द हॉबिट’मध्ये बिल्बोला खायला निघालेले तिघं राक्षस असेच दगड होतात. इथलं मूल ते प्रकरण वाचतं तेव्हा त्याने असे दगड आधीच पाहिलेले असतात. त्यातली बायको फार काळ उभी राहणार नाही, कुठल्यातरी हिवाळी वादळात कोसळेल, असा भूगर्भशास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

काल्सोय या चिंचोळ्या, लांबुळक्या बेटावर माणसं शंभरच्या आत. तिथल्या मिक्लादालुर गावची गोष्ट अशी. वर्षातून एका रात्री सील किनाऱ्यावर येतात, कातडी उतरवून ठेवतात आणि माणसांसारखे नाचतात. गावच्या एका तरुणाने एका सीलकन्येची कातडी पेटीत लपवली. तिला लग्न करावं लागलं, मुलं झाली. पेटीची किल्ली तो कायम कमरेला बांधून ठेवी. एक दिवस मासेमारीला जाताना किल्ली घरी राहिली, आणि तो परतला तेव्हा बायको समुद्रात गेलेली होती. एवढ्यावर थांबती तर ही जगभर सापडणारी लोककथा. पण फेरोची गोष्ट पुढे जाते. गावकरी शिकारीला निघाले, तिचा सील नवरा आणि पिल्लं मारली गेली. त्या रात्री ती गावात आली आणि शाप देऊन गेली: तुमची माणसं बुडून मरतील, कड्यावरून पडून मरतील, आणि मेलेल्यांची संख्या एवढी होईल की त्यांनी हातात हात घेतले तर काल्सोय बेटाला वेढा पडेल.

हातात हात घेतलेल्यांचं ते रिंगण कुठून आलं हे या बेटांवर कुणाला सांगावं लागत नाही. बुडणं आणि कड्यावरून पडणं हेही नाही. मासेमारीवर आणि कड्यांवरच्या पक्ष्यांवर जगणाऱ्या गावांत मरणाची ही दोन नेहमीची कारणं होती. फँटसी म्हणजे वास्तवापासून पळवाट, असा आरोप साहित्याचे पहारेकरी अधूनमधून करतात. त्यांना मिक्लादालुरला पाठवून द्यावं.

2014 साली गावच्या किनाऱ्यावर हान्स पाउली ओल्सेन यांनी घडवलेला या सीलस्त्रीचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला, 2.6 मीटर उंचीचा. तेरा मीटरच्या लाटा सोसेल अशा बेताने तो बसवला आहे. 2015 च्या सुरुवातीला साडेअकरा मीटरची लाट त्याच्यावरून गेली, पुतळा हलला नाही. याच बेटाच्या टोकाला ट्रोलानेस गाव आहे. तिथे दर वर्षी ठरलेल्या रात्री राक्षस येत आणि गावकरी घरं सोडून मिक्लादालुरला पळत, अशी आख्यायिका. आता तिथे पर्यटक येतात ते जेम्स बॉन्डची समाधी पाहायला. ‘नो टाइम टू डाय’चा शेवट तिथे चित्रित झाला, म्हणून 2022 मध्ये बॉन्डच्या नावाचा दगड बसवला. राक्षस येत होते तेव्हा त्रास वर्षातून एकाच रात्री होता, असं एखादी म्हातारी म्हणत असेल तर मला नवल वाटणार नाही.

सगळंच टिकलं असं मात्र नाही. टेकाडांच्या पोटात राहणारे, राखाडी कपड्यांतले हुल्दुफोल्क माणसांसारखेच मेंढ्या राखत, होड्या हाकत. त्यांना चर्च आवडत नसे आणि वीजही. सुदुरोयवर 1921 मध्ये पहिलं जलविद्युत केंद्र सुरू झालं. गावोगाव दिवे आले तसे हुल्दुफोल्क दिसेनासे झाले, असं सांगतात. संध्याकाळी घरात एकत्र बसून लोकर पिंजताना, विणताना कथा सांगायची आणि गाणी म्हणायची रीतही त्याच सुमारास ओसरत गेली. आज शेकडो कडवी तोंडपाठ असणारा शीपारी शोधावा लागतो. नाचाच्या संस्था आहेत, शाळांत शिकवतात, जुलैअखेरच्या ओलावसोका सणात मध्यरात्री हजारो माणसं जमून एका सुरात गातात आणि मग रिंगण धरतात. पण हिवाळाभर दर आठवड्याला दणाणणारी लाकडी जमीन ती आता नाही.

तिची जागा काही प्रमाणात इलेक्ट्रिक गिटारने घेतली. 1998 मध्ये स्थापन झालेला ‘ट्यूर’ हा मेटल बँड फेरोचाच. नॉर्स पुराणकथांवर गाणारे मेटल बँड युरोपात पुष्कळ आहेत आणि त्यातल्या अनेकांनी शिंगांची शिरस्त्राणं घालून नुसता तमाशा केला आहे. ट्यूरचं वेगळेपण असं की ते गाणी बनवण्याबरोबर गाणी घरून आणतात. ‘ओर्मुरिन लांगी’ हे येन्स क्रिस्तियान ड्यूरहूस या शेतकऱ्याने 1830 च्या सुमारास रचलेलं, राजा ओलाफच्या लांब जहाजाचं कवन. ट्यूरने 2002 मध्ये ते रेकॉर्ड केलं आणि बेटांवरची तरुण मुलं आपल्या आज्यांना पाठ असलेलं गाणं मोठ्या आवाजात लावू लागली. पुढच्याच वर्षी त्यांच्या अल्बममध्ये ‘रेगिन स्मियुर’ आलं, तोच तो मोडकी तलवार सांधणारा लोहार. ल्युंग्ब्यूने शेवाळाच्या मोहिमेत उतरवून घेतलेली कथा छापली गेल्यावर बरोबर 181 वर्षांनी मेटल अल्बममध्ये पोचली. 2022 मध्ये फेरोच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर टोर्सहाव्नच्या नॉर्डिक हाउसमध्ये केलेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण निघालं. मोठ्या शहरात मेटलचे श्रोते आणि सिंफनीचे श्रोते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. इथे ते एकमेकांचे मावसभाऊ असतात.

तरी एखाद्या वीस उंबऱ्यांच्या गावात राहणाऱ्या, पंधरा वर्षांच्या मुलीचा विचार केला की वाटतं, तिचं एकटेपण या सगळ्याने पुरतं भरून निघत नसणार. तिला हवी असते या महिन्यात इंग्रजीत आलेली मालिका, तिसरा खंड, चौथा खंड. ती कुणाशी बोलायची? टोर्सहाव्नला 1865 पासून चालू असलेलं गवताच्या छपराचं पुस्तकांचं दुकान आहे, तिथे फेरोईज, डॅनिश, इंग्रजी सारं मिळतं, पण तिथवर जायला हवं. नव्या फँटसीतलं फार थोडं तिच्या भाषेत येतं. ती वाचते इंग्रजीत, मालिका पाहते इंग्रजीत, खेळ खेळते इंग्रजीत. पूर्वीची मोठी भाषा डॅनिश होती, आता इंग्रजी आहे, एवढाच फरक. शिक्षकांचा पुस्तक विभाग दर वर्षी काय निवडेल आणि काय सोडेल यावर तिच्या धाकट्या भावाचे राक्षस कोणत्या भाषेत बोलतील ते ठरतं.

निवड करणारी माणसं मात्र अजून हटलेली नाहीत. 2017 मध्ये फेरोच्या पर्यटन खात्याने पाहिलं की गूगलच्या भाषांतरयंत्रात फेरोईज नाही. त्यांनी तक्रार करण्याऐवजी स्वतःचंच यंत्र उभं केलं. जगभरातून कुणी वाक्य पाठवलं की बेटांवरचा एखादा रहिवासी, कधी मेंढ्या हाकताना, कधी होडीत, ते फेरोईजमध्ये बोलून त्याची चित्रफीत धाडी. अखेर 2024 मध्ये गूगलने फेरोईज आपल्या यादीत घेतली. ‘होब्बिन’ छापून तेव्हा चौतीस वर्षं झाली होती.